नव्वदपर्यंतचे आकडे

“आई, जेम्स व्हायच्या आधी हा काय करायचा?” मुलाने विचारलं तेव्हा आम्ही शिझुओका प्रांतातल्या शिन-कानाया स्थानकात, यार्डाच्या कुंपणाला लागून उभे होतो. समोर लालभडक रंगवलेलं वाफेचं इंजिन होतं. पुढच्या गोल झाकणावर राखाडी चेहरा बसवलेला, गोबरे गाल, मोठाले डोळे, ओठांवर जरा तोऱ्यातलं हसू. ओइगावा रेल्वे २०१४पासून मुलांसाठी ‘थॉमस’ या गोष्टीतल्या बोलक्या इंजिनाची गाडी चालवते, आणि थॉमसचा मित्र जेम्स म्हणून तिने हे इंजिन सजवलं होतं. भोवती सगळा चहाच्या मळ्यांचा मुलूख, आणि त्या हिरव्या वासात कोळशाचा धूर मिसळलेला. सिलिंडरमधून वाफ सुटली की पोरं किंचाळत मागे पळत आणि लगेच पुन्हा कुंपणाला येऊन चिकटत. त्या तांबड्या रंगाखालच्या इंजिनाचा मूळ क्रमांक मला ठाऊक होता : सी ५६ ४४, म्हणजे सी ५६ जातीचं चव्वेचाळिसावं. “आधी हा थायलंडमध्ये होता,” मी म्हटलं. “तिथे तो कुणाला न्यायचा?” एवढ्यात शिट्टी झाली आणि तो फलाटाकडे पळाला. त्याच्यापुरता विषय संपला होता. माझ्याकडे उत्तर होतं. पण एवढ्याशा मुलाला, त्या गर्दीत, त्या हसऱ्या चेहऱ्यासमोर ते सांगावं का, आणि सांगायचं तर कुठून सुरुवात करावी, हे मला उमगत नव्हतं.

वाफेच्या इंजिनांची ओढ मला लागली ती पूर्णा जंक्शनला. माझे आजोबा तिथल्या लोको शेडमध्ये फिटर होते. मीटरगेजचा जमाना होता. प्रवासी गाड्यांना वायपी, मालगाड्यांना वायजी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नातवंडं गच्चीवर झोपायचो, आणि शेडमध्ये उभी असलेली इंजिनं रात्रभर ऐकू यायची. निखारे दाबून ठेवलेलं इंजिन झोपेतल्या गुरासारखं अधूनमधून श्वास टाकतं. आजोबा घरी आले की त्यांच्या अंगाला तेल, राख आणि गरम लोखंड यांचा एकत्र वास यायचा. आजी त्यांना मोरीत हात धुवायला लावायची, पण नखांतली काजळी कधी गेली नाही. दूरवरून येणारी गाडी नुसत्या आवाजावरून ओळखून ते सांगायचे, हिचा एक व्हॉल्व्ह नीट बसत नाही, डाव्या बाजूचा ठोका बघ कसा लंगडा पडतो. मी कान देऊन ऐकायची आणि खरंच तो लंगडा ठोका मला सापडायचा. पुढे मीटरगेज गेलं, शेड गेली, ती इंजिनं भंगारात निघाली. आजोबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्टेशनच्या दिशेने फिरायला जायचे, ते मात्र त्यांनी बंद केलं.

जपानला आल्यावर म्हणूनच मला हरखून जायला झालं. या देशात सार्वजनिक बागेत, शाळेजवळ, जुन्या स्थानकाबाहेर वाफेची इंजिनं उभी असतात. शेकडो. वर पत्र्याचं छप्पर, भोवती कुंपण, आणि रविवारी सकाळी हातात ब्रश अन् रंगाचा डबा घेऊन आलेले निवृत्त लोक. ‘एसएल’ म्हणजे स्टीम लोकोमोटिव्ह म्हटलं की इथल्या आजोबांचे डोळे चमकतात. राष्ट्रीय रेल्वेने मुख्य मार्गांवरची शेवटची वाफेची गाडी १९७५च्या डिसेंबरात चालवली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९७६च्या जुलैत, याच ओइगावा रेल्वेने प्रवाशांसाठी पुन्हा वाफ पेटवली. एका डोंगरी नदीकाठच्या छोट्या खासगी कंपनीने हे केलं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं. जपानात सर्वांत जास्त बांधलं गेलेलं इंजिन म्हणजे डी ५१. ती एक हजार एकशे पंधरा होती, तिचं नाव शाळकरी पोरालाही माहीत असतं. सी ५६ तिच्यापुढे किरकोळ. पण माझा जीव जडला तो सी ५६वर, आणि त्याचं कारण तिच्या टेंडरमध्ये आहे.

टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा. बहुतेक इंजिनांचे टेंडर सरळसोट चौकोनी असतात. सी ५६च्या टेंडरच्या दोन्ही कडा वरून तिरप्या कापलेल्या आहेत. ही इंजिनं बांधली १९३५ ते १९३९ या काळात, डोंगरातल्या दूरदूरच्या फाट्यांवर चालवण्यासाठी. तिथे रूळ हलके, पूल हलके, म्हणून इंजिनही हलकं हवं. पाणी आणि कोळसा पोटातच बाळगणारं सी १२ हे छोटं इंजिन आधीपासून होतं, पण ते लांब पल्ल्याला पुरत नव्हतं. त्यालाच टेंडर जोडून सी ५६ तयार झालं. टेंडरसकट लांबी सव्वाचौदा मीटरच्या आसपास, वजन पासष्ट टनांच्या घरात. आणि अशा फाट्यांच्या टोकाला इंजिन फिरवायला टर्नटेबल नसायचं. जाताना सुलटं गेलेलं इंजिन येताना उलटंच यायचं, टेंडर पुढे करून. ड्रायव्हरला मागचं, म्हणजे आता पुढे आलेलं, नीट दिसावं म्हणून त्या कडा कापल्या. आजोबांच्या शेडमधले ड्रायव्हर टेंडर पुढे करून गाडी न्यायची म्हटलं की कातावायचे. मराठवाड्यातली मे महिन्याची दुपार, समोरून उडणारी कोळशाची भुकटी, डोळ्यांत, दातांत, मानेवर. इथे कुणीतरी ड्रॉइंग बोर्डवर बसून त्या माणसाच्या डोळ्यांचा विचार केला होता. यंत्राच्या आकारात अशी माणसाची काळजी दिसली की मला गलबलून येतं.

अशी १६० इंजिनं जपानच्या सरकारी रेल्वेसाठी बांधली गेली.

त्यांतली पहिली नव्वद, सी ५६ १ पासून सी ५६ ९० पर्यंत, १९४१-४२मध्ये लष्कराने मागून घेतली. जपानचे रूळ १०६७ मिलिमीटर अंतराचे, आग्नेय आशियातले एक मीटरचे. सदुसष्ट मिलिमीटरचा फरक, म्हणजे हाताची चार बोटं जेमतेम. तेवढ्यासाठी या नव्वद इंजिनांची चाकं आत घेतली आणि ती जहाजांवर चढवली. हलकं वजन, लांब पल्ला, कच्च्या रुळांवर चालण्याची तयारी, डोंगरातल्या खेड्यांसाठी म्हणून तिच्यात जे जे घातलं होतं, ते सगळं युद्धाच्या कामाचं निघालं. एक मीटरचे रूळ म्हणजे आमच्या पूर्ण्याचेच रूळ. नकाशा बघताना हे लक्षात आलं आणि मी बराच वेळ तिथेच थांबले. आजोबांच्या शेडमध्ये यातलं एखादं इंजिन आलं असतं तर ते तिथल्या रुळांवर बिनबोभाट उभं राहिलं असतं.

ती गेली सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसाठी : सयाम म्हणजे आजच्या थायलंडमधल्या नोंग प्लादुकपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायातपर्यंत ४१५ किलोमीटर. १९४२च्या मध्यावर दोन्ही टोकांकडून काम सुरू झालं, जपानी लष्कराची पाचवी रेल्वे रेजिमेंट ब्रह्मदेशाकडून आणि नववी सयामकडून. १७ ऑक्टोबर १९४३ला कोनकोइता इथे रूळ जुळले, २५ तारखेला उद्घाटन झालं. जंगल, खडक, नद्या आणि तीन पॅगोडांची खिंड, आणि हे सारं सव्वा वर्षात, बहुतांशी कुदळ, फावडं, पहार आणि टोपल्यांनी. रूळसुद्धा नवे नव्हते. मलायातल्या पूर्व किनाऱ्याचा मार्ग उखडून ते आणले. क्वाय नदीवर आज जो पोलादी पूल दिसतो, त्याच्या कमानी जावामधून सोडवून आणल्या होत्या. साठ हजारांवर ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन युद्धकैदी तिथे राबले, त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. त्यांच्याविषयी जगाने पुष्कळ ऐकलं आहे. त्यांच्याहून कितीतरी जास्त होते आशियाई मजूर : ब्रह्मी, जावानीज, मलय, चिनी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ. दोन लाखांच्या आसपास. चांगली मजुरी मिळेल, रेशन मिळेल म्हणून काहींना नेलं, बाकीच्यांना सरळ ट्रकमध्ये कोंबलं. काही जण बायकामुलांसह गेले. १९४३च्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. युद्धकैद्यांच्या छावण्यांत निदान शिस्त होती, स्वतःचे डॉक्टर होते, पाणी उकळून प्यायची सक्ती होती. मजुरांच्या झोपड्यांत यातलं काहीच नव्हतं. त्यांच्यातले किती मेले याचे अंदाजच आहेत, आणि ते नव्वद हजारांच्या आगेमागे जातात.

मी एकदा कागदावर हिशेब मांडला. एक लाखावर मृत्यू, ४१५ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे अडीचशे माणसं. सी ५६ जेवढ्या रुळावर उभं राहतं, तेवढ्या सव्वाचौदा मीटरमागे तीन माणसांहून थोडी जास्त. त्या दिवसापासून कुठेही हे इंजिन उभं दिसलं की माझी नजर आपोआप त्याच्या चाकांखाली जाते.

तोक्योत कुदानशिता स्थानकातून वर आलं की युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांच्या स्मरणार्थ असलेल्या यासुकुनी देवस्थानाचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना गिंको वृक्ष, शरद ऋतूत पानांचा पिवळाजर्द खच. देवस्थानाच्या आवारात युशुकान हे युद्धसंग्रहालय आहे. भारतीय माणूस तिथे गेला की त्याला आवर्जून न्यायमूर्ती राधाबिनोद पालांचं स्मारक दाखवतात. तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं वेगळं निकालपत्र त्यांनी लिहिलं, आणि २००५मध्ये इथे त्यांचा दगडी स्तंभ उभा राहिला. तिथे थांबल्यावर आपल्याविषयी काहीतरी आपुलकीचं बोललं जातंय हे कळतं, आणि नक्की कशाबद्दल, हा विचार आला की पाय अडखळतो. मग काचेची दालनं. आत शिरताच एका बाजूला झीरो हे जपानी लढाऊ विमान, आणि दुसऱ्या बाजूला सी ५६ ३१. काळंकुळकुळीत, पॉलिश केलेलं, सांधे लख्ख. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या उद्घाटनाला धावलेलं हे इंजिन. युद्धानंतर थायलंडच्या रेल्वेत ७२५ या क्रमांकाने त्याने नोकरी केली, आणि १९७९मध्ये रेल्वे रेजिमेंटच्या माजी सैनिकांनी खटपट करून ते मायदेशी आणलं आणि देवस्थानाला अर्पण केलं. आमचं सी ५६ ४४, जे थायलंडमध्ये ७३५ होतं, तेही त्याच वर्षी परतलं. एक युद्धाच्या देवळात गेलं, दुसरं चहाच्या मळ्यांत.

मी तिथे बराच वेळ उभी होते. शाळेच्या सहलीची मुलं येत-जात होती, गटागटाने फोटो काढत होती. हे इंजिन किती कठीण मुलखात चाललं, तो मार्ग बांधणं केवढं मोठं अभियांत्रिकी काम होतं, याचा अभिमान तिथल्या मांडणीत ठळक आहे. तो रूळ घालताना कोण मेलं, याबद्दल ती गप्प आहे. माजी युद्धकैद्यांनी आणि त्यांच्या मुलांनी याबद्दल वर्षानुवर्षं नाराजी व्यक्त केली आहे, आणि मला ती शंभर टक्के रास्त वाटते. आणि तरीही, खरं सांगते, त्या इंजिनाजवळ गेल्यावर माझा हात पुढे झाला. जोडदांड्याची ती सुबक वळणं, तिरप्या कडांचं टेंडर, फिटरने हातोडीने वाजवून पाहिलेला प्रत्येक बोल्ट. मला ते सुंदर वाटलं. वाटायला नको होतं का? हा प्रश्न मी अजून बाजूला ठेवू शकलेले नाही.

एरिक लोमॅक्स या स्कॉटिश माणसाची हकीकत मला त्या वेळी माहीत होती, म्हणून तर तो हात अर्ध्यावर थांबला. लोमॅक्स एडिंबराचा. वाफेच्या इंजिनांचं वेड त्याला लहानपणापासून. पुलांवर उभं राहून येणारी-जाणारी इंजिनं टिपून ठेवण्यात त्याचं पोरपण गेलं. १९४२मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा तो सिग्नल दलातला तरुण अधिकारी होता. कैद होऊन तो गेला तो नेमका रेल्वेच्याच कामावर, कांचनाबुरीला. तिथे कैद्यांनी लपवलेला रेडिओ सापडला आणि लोमॅक्सने स्वतःच्या हाताने काढलेला त्या रेल्वेचा नकाशाही. त्यानंतर त्याच्यावर जे अत्याचार झाले त्यांतून तो जन्मभर बाहेर आला नाही. मी त्या नकाशाचा फार विचार करते. हेरगिरीचा पुरावा म्हणून त्याच्यासमोर धरलेला तो कागद. पण ज्याला रेल्वेचं वेड आहे त्याला ठाऊक आहे की नवा मार्ग दिसला की माणूस तो काढतोच. ती हाताची सवयच असते. त्या चौकशीत दुभाषी म्हणून बसलेला नागासे ताकाशी युद्ध संपल्यावर लगेच दोस्तांच्या पथकाबरोबर त्या मार्गावरच्या कबरी शोधत फिरला, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने प्रायश्चित्तात घालवलं. १९९३मध्ये ते दोघे कांचनाबुरीला भेटले. नागासे २०११मध्ये गेला, लोमॅक्स २०१२मध्ये.

कांचनाबुरीला मीही जाऊन आले. बँकॉकच्या थोनबुरी स्थानकातून सकाळी सुटणाऱ्या साध्या गाडीने, खिडक्या सताड उघड्या, लाकडी बाकं, मध्येच चढणाऱ्या बायकांकडे केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. पुलाजवळ एक सी ५६ उभं आहे. त्याच्यावर चढून लोक फोटो काढतात. एका इंग्रजी चित्रपटाने या पुलाला जगभर नाव दिलं आणि मग पर्यटकांना नाव जुळावं म्हणून नदीचंच नाव बदलण्यात आलं. पूर्वी ती मे क्लोंग होती. युद्धात बॉम्बने पडलेल्या कमानींच्या जागी जपानने भरपाई म्हणून दिलेल्या कोनदार कमानी आहेत, त्यामुळे जुनं-नवं लांबूनही ओळखू येतं. थाम क्रासेला गाडी कड्याला चिकटून लाकडी खांबांवरून पुढे सरकते, गती माणसाच्या चालीची. खाली नदी. खांब करकरतात. डब्यातला सगळा गोंगाट तेवढ्यापुरता थांबतो आणि पलीकडे पोचताच पुन्हा सुरू होतो. थाई रेल्वेने यातला नाम टोकपर्यंतचाच तुकडा ठेवला, तो १९५८पासून तसाच चालतो आहे. पुढचे रूळ जंगलाने आणि लोकांनी गिळले. थाई रेल्वेच्या वाट्याला आलेल्या सेहेचाळीस सी ५६ इंजिनांपैकी दोन, ७१३ आणि ७१५, आजही वाफेवर चालतात. नदीकाठच्या उत्सवात ती पुलावर आणतात. मला ती धावताना बघायला मिळाली नाहीत.

गावात, स्थानकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, युद्धकैद्यांची दफनभूमी आहे. जवळपास सात हजार कबरी. गवत एकसारखं कापलेलं, प्रत्येक दगडावर नाव, वय, रेजिमेंट, आणि खाली आईवडिलांनी किंवा बायकोने निवडलेली एखादी ओळ. बावीस, चोवीस, एकतीस अशी वयं. मी रांगेने वाचत गेले आणि पाच-सहा रांगांनंतर वाचवेना. मग मी तमिळ नावं शोधू लागले, आणि ती तिथे असणार नाहीत हे माहीत असूनही शोधू लागले. मजुरांना दगड नाहीत. १९९०मध्ये उसाच्या एका शेतात सापळ्यांचा मोठा खड्डा सापडला तेव्हा कित्येकांना ते तिथे आहेत हे पहिल्यांदा कळलं. वाट थावोर्न वाराराम या देवळाच्या आवारात मजुरांचे अवशेष ठेवलेले आहेत. त्यांच्यासाठी अलीकडे मलेशियातल्या तमिळ कुटुंबांनी, त्या मार्गावर गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी, तिथे एक नडुकल उभारला. गावच्या वेशीवर आपल्याकडे वीरगळ असतो, त्याच जातीचा हा दगड.

आणखी एक गोष्ट मला गिळता आली नाही. आझाद हिंद सेनेच्या तुकड्या मलायातून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेल्या त्या याच मार्गाने. नेताजींचं चित्र आमच्या पूर्ण्याच्या घरात देवघराशेजारी होतं. ते अजून आहे, आणि ते तिथून काढावं असं मला मुळीच वाटत नाही. पण ज्या रुळांवरून आपले सैनिक ‘चलो दिल्ली’ म्हणत गेले, ते रूळ काही महिन्यांपूर्वी मलायातल्या भारतीय मजुरांनीच मरत मरत घातले होते. गाडीच्या दारात उभ्या असलेल्या जवानांना बाजूच्या झोपड्या दिसल्या असतील का? त्यांतलं कुणी खाली उतरून आपल्या भाषेत बोललं असेल का? आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी कधी एका पानावर आल्या नाहीत. त्या एका रुळावर आल्या होत्या.

कांचनाबुरीहून परतल्यावर पुढच्या सुट्टीत मी मुद्दाम कियोसातोला गेले. न गेलेल्या इंजिनांपैकी एक बघायचं होतं. क्रमांक ९१ ते १६० जपानातच राहिली. यात्सुगाताके डोंगरांच्या पायथ्याला कोउमी लाइन नावाचा मार्ग आहे. त्याच्यावरचं नोबेयामा हे स्थानक १३४५ मीटरवर, जवळजवळ महाबळेश्वराच्या उंचीवर, जेआर म्हणजे जपान रेल्वेचं देशातलं सर्वांत उंच स्थानक. तिथे सी ५६ १९७२पर्यंत चालली आणि लोकांनी तिला लाडाने ‘पोनी’ म्हटलं. पठारावर कोबीची आणि लेट्यूसची शेतं, दूध-आइस्क्रीमची दुकानं, थंड वाऱ्यात गवताचा वास, आणि कियोसातो स्थानकासमोर उभं सी ५६ १४९. टेंडरच्या त्या तिरप्या कडा इथे जशाच्या तशा. हिने शाळेची मुलं नेली, भाजी नेली, डोंगर चढायला आलेले तरुण नेले. ३१ आणि १४९ यांच्यात कुठलाही फरक नाही. एकच नकाशा, तोच बॉयलर, तीच चाकं. ऑर्डर देताना यादीच्या कुठल्या अर्ध्यात आकडा पडला, एवढ्याने एकीच्या नशिबी लेट्यूस आली आणि दुसरीच्या नशिबी कोनकोइता.

शेवटचं, सी ५६ १६०, क्योतोला आहे. उमेकोजीची १९१४मधली पंख्याच्या आकाराची शेड, मध्ये टर्नटेबल, आणि भोवती वीस रूळ. तिथे गेलं की मला पूर्णा आठवते, हे सांगायला नकोच. १६०ने बरीच वर्षं बिवा तळ्याच्या उत्तरेकडे पर्यटकांची गाडी ओढली, आणि २७ मे २०१८ला ती मुख्य मार्गावर शेवटची धावली. त्यानंतरही जेआर वेस्टने तिला संग्रहालयात सांभाळून ठेवलं आहे. वाफेचं इंजिन जिवंत ठेवणं हे फार खर्चीक, फार चिकाटीचं काम असतं. बॉयलर धुवायचा, नळ्या बदलायच्या, जाड पत्र्याचा गंज मिलिमीटरमध्ये मोजायचा, पूर्वी कारखान्यात मिळणारा एकेक भाग आता स्वतः ओतून घ्यायचा. बागेत उभ्या इंजिनांच्या बाबतीत तर बॉयलरवरच्या जुन्या आवरणात ॲस्बेस्टॉस निघतं, ते काढायचा खर्च गावाच्या अंदाजपत्रकात बसत नाही, आणि एक दिवस क्रेन येते. आजोबांच्या इंजिनांना कुणी असं वाचवलं नाही म्हणून असेल, पण अशी एकही क्रेन मला सहन होत नाही. सी ५६पैकी शक्य ती सगळी इंजिनं टिकावीत, यासुकुनीतलंसुद्धा, असं मला मनापासून वाटतं. ते हलवावं, झाकावं, असं मी म्हणणार नाही. तिथे उभ्या राहणाऱ्या मुलांना ते इंजिन बघू द्यावं. फक्त उद्घाटनाच्या तारखेबरोबर त्या मार्गावर मेलेल्यांचा आकडाही त्याच अक्षरांत, त्याच फलकावर असावा.

ओइगावा रेल्वेने सी ५६ ४४ला २००७मध्ये, जपान-थायलंड मैत्रीच्या एकशेविसाव्या वर्षी, थाई रेल्वेचा हिरवा रंग दिला होता आणि ७३५ हा क्रमांकही. मग पुन्हा काळा, मग जेम्सचा तांबडा. या रंगांपैकी कुठलाच मला खोटा वाटत नाही. थायलंडमध्ये तीसेक वर्षं तिने गावोगावच्या माणसांना बाजाराला आणि लग्नाला नेलं, तेही तिच्याच आयुष्यातलं. लहान मुलांनी तिच्यावर प्रेम करावं हेही योग्यच. एक ओळ मात्र मला शिन-कानायाच्या फलाटावर हवी आहे, जेम्सच्या चेहऱ्याजवळ नसली तरी चालेल, माहितीच्या पाट्यांत, मोठ्यांच्या उंचीवर : हे इंजिन युद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसाठी पाठवलेल्या नव्वदांपैकी एक आहे, आणि त्या रेल्वेच्या कामावर एक लाखाच्या आसपास कैदी आणि मजूर मेले. जपानीत, इंग्रजीत, आणि जमलं तर थाई, ब्रह्मी आणि तमिळमध्येही. ही मागणी करणारं पत्र मी रेल्वेला पाठवलं आहे.

२०२२च्या सप्टेंबरात वादळाने ओइगावा मार्गाचे मोठे तुकडे वाहून नेले. दरडी कोसळल्या, रूळ हवेत लोंबकळले. त्याच वर्षी या कंपनीने आणखी एक सी ५६ पुन्हा वाफेवर आणायचं ठरवून लोकांकडे पैसे मागितले होते. तिचा क्रमांक १३५. ह्योगो प्रांतातल्या कातो शहराच्या एका बागेत ती कित्येक दशकं उभी होती. ती नव्वदांतली नाही, ती समुद्रापलीकडे कधी गेली नाही. मीही माझ्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठवले, आणि सोबतच्या रकान्यात आजोबांचं नाव आणि ‘फिटर, पूर्णा लोको शेड’ असं लिहिलं. १३५ची शिट्टी मला त्या दरीत ऐकायची आहे. आणि ४४चीही, पुन्हा एकदा, कुठल्याही रंगात.